उमेदवारीची दोन वर्षे

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



हिशेबाच्या क्षेत्रात शिरणाऱ्या तरुणांनी आपला उमेदवारीचा काळ कसा सार्थकी लावावा, या विषयावर बोलण्याची आज्ञा चिटणीस साहेबांनी मला केली. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकवणारा शिक्षक. ताळेबंद करणे हे काही माझे काम नव्हे. मग मी हे धाडस का करतो? कारण गेली दहा-अकरा वर्षे आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले दाखल्यासाठी, सहीसाठी, कधी नुसती भेटीसाठी परत येतात. त्यांपैकी जी सी.ए.च्या वाटेला लागली त्यांच्याकडून मी पुष्कळ ऐकले आणि नियमही वाचून काढले. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला कधीकधी आतल्या माणसापेक्षा वाट स्पष्ट दिसते, एवढाच माझा अधिकार.

आपल्या समाजात दहावी-बारावीनंतर काय, याची चर्चा आता चांगली होऊ लागली आहे. परंतु प्रवेश मिळाला, फी भरली, की घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला इस्पितळात आणि वकिलाला न्यायालयात शिकावे लागते, हे आपल्याला ठाऊक असते. हिशेबनिसाचे खरे शिक्षण मात्र वर्गात होते असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती उलट आहे. ते एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात, दुसऱ्याच्या दुकानाच्या नाहीतर कारखान्याच्या फायली चाळता चाळता होते. तो काळ वाया गेला तर पुढे परीक्षा पास होऊनही माणूस अर्धवट राहतो.

काही पालक मला म्हणतात, "सर, हे काम आपल्या लोकांचे नव्हे." माझी त्यांना विनंती आहे की त्यांनी मराठीतले हिशेबाचे शब्द एकदा तपासून पाहावेत. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. फडणीस हे आडनाव फर्दनवीस या फारसी शब्दावरून आले. कुराण शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हेही आपण जाणता. आणि ज्याला मी आज उमेदवारी म्हणतो त्या शब्दातली 'उमेद' तर तुमच्या-माझ्या घरातलीच आहे. तेव्हा हे काम परके नाही. फक्त त्याचे आजचे शिक्षण घेण्याकडे आपण उशिरा वळलो.

प्रथम वाट समजावून घेऊ. आपल्या देशात सनदी लेखापालांची संस्था १९४९ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. सी.ए. होण्यासाठी बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट आणि शेवटी फायनल अशा तीन पायऱ्या आहेत. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला नियमात सांगितलेले विषय घेऊन ५५ टक्के, आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के गुण असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला बसता येते. म्हणजे कला शाखेच्या मुलालाही दार बंद नाही. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि गटाची सरासरी ५० टक्के असावी लागते. अनेक मुले ४० च्या अटीत पास होऊन ५० च्या अटीत अडकतात, हे आधीच लक्षात ठेवावे.

या वाटेवर मध्यभागी आर्टिकलशिप, म्हणजेच उमेदवारी आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. इंटरमीजिएटचे दोन्ही गट पास झाल्यावर आणि संगणक व व्यवहारकौशल्याचा ठरलेला अल्पवर्ग पुरा केल्यावरच ती सुरू होते. उमेदवारी संपली की सहा महिने अभ्यासासाठी मोकळे मिळतात आणि मग फायनल. ज्यांच्या हाताखाली ही उमेदवारी करावयाची त्या सी.ए.ना प्रिन्सिपल म्हणतात. त्यांच्याशी रीतसर करारपत्र होते आणि उमेदवारी सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत संस्थेकडे नोंदणी करावी लागते. हा कागद वेळेवर गेला की नाही याची चौकशी विद्यार्थ्याने स्वतः करावी. साहेब करतील, कारकून करील, असे म्हणून बसू नये.

तीन वर्षांची दोन झाली याचा पुष्कळांना आनंद झाला. मी मात्र त्याकडे जरा काळजीने पाहतो. एक वर्ष वाचले हे खरे, पण पहिले वर्ष इकडे-तिकडे करण्यात घालवून दुसऱ्या-तिसऱ्यात सावरायची सोय आता उरली नाही. दोन वर्षांत मार्चअखेर दोनदाच येते. लेखापरीक्षणाचा हंगामही दोनदाच येतो. पहिला हंगाम समजण्यात गेला तर करून पाहायला एकच उरतो.

आता कार्यालय कसे निवडावे? ज्या घरात काका किंवा मामा सी.ए. असतो तिथे हा प्रश्न फोनवर सुटतो. आपल्या बहुतेक मुलांना असा मामा नसतो. यात लाजण्यासारखे काही नाही, पण मग तो पत्ता आपण शोधावा लागतो. सी.ए. संस्थेने उमेदवार आणि कार्यालये यांची गाठ घालून देणारी सोय ऑनलाइन केलेली आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत संस्थेच्या शाखा आहेत. तिथे जाऊन चौकशी करता येते. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी जिथे जिथे आहेत त्यांना विचारावे. एक पानाचा स्वच्छ अर्ज घेऊन दहा कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्यात. नऊ ठिकाणी नकार मिळाला तरी दहाव्या ठिकाणी बसायला एकच खुर्ची लागते.

मोठे कार्यालय बरे की लहान, असे मुले नेहमी विचारतात. मोठ्या कार्यालयात मोठ्या कंपन्या दिसतात, कामाची शिस्त लागते, नावाचा पुढे उपयोग होतो. परंतु कदाचित सहा महिने एकाच कंपनीच्या मालसाठ्याचाच हिशेब तपासावा लागेल. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान कार्यालयात पावतीपासून ताळेबंदापर्यंत सारे एकाच माणसाच्या हातून जाते. तिथे किराणा दुकानदार येतो, डॉक्टर येतो, पतसंस्था येते, मच्छीमारांची सहकारी सोसायटी येते. माझ्या ऐकण्यात असे आले की ज्याच्या घरात हिशेबाचा वारसा नाही त्याला दहा-पंधरा उमेदवारांचे मध्यम कार्यालय पहिल्या वर्षी अधिक मानवते. कोणतेही निवडा, पण जाण्यापूर्वी तिथे आज काम करणाऱ्या एखाद्या उमेदवाराला गाठून तीन गोष्टी विचारा: कामे किती प्रकारची मिळतात, चुकल्यावर कोणी समजावून सांगते का, आणि वर्षभर तेच काम की बदलून मिळते. विद्यावेतन किती, हा प्रश्न चौथा असावा.

पैशाचे बोलतो, कारण पालकांच्या मनात तेच असते. उमेदवाराला मिळते ते विद्यावेतन. तो पगार नव्हे. किमान दर संस्थेने शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरवून दिले आहेत. चांगली कार्यालये त्याहून अधिक देतात. तरीही मोठ्या शहरात खोलीभाडे, खानावळ आणि रेल्वेचा पास यांतच ते संपते. ज्या घराने मुलाच्या कमाईवर आशा ठेवली आहे त्या घरात या दोन वर्षांत भांडण होते. म्हणून आधीच बसून दोन वर्षे आणि पुढचे सहा महिने अशा तीस महिन्यांचा खर्च कागदावर मांडावा. गुणवत्ता व गरज पाहून सी.ए. संस्था शिष्यवृत्त्या देते. त्यांचे अर्ज वेळेत करावेत. आपल्या संस्थेचे वसतिगृह आहे, दानशूर मंडळीही आहेत. मागायला संकोच करू नये, आणि पायावर उभे राहिल्यावर परत द्यायला विसरू नये.

एक उदाहरण सांगतो. आपल्याच शाळेचा एक विद्यार्थी, वडील मासळीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. उमेदवारी सुरू होऊन तीन महिने झाले होते. या तीन महिन्यांत त्याने कागदांच्या झेरॉक्स काढल्या, फायलींना भोके पाडून दोरे बांधले आणि बँकेत चलने नेऊन दिली. इकडे त्याच्या मामूंनी दुबईहून व्हिसाची व्यवस्था केली. वडील मला भेटायला आले. म्हणाले, "सर, मुलगा शिपायाचे काम करतो आणि चार पैसे आणतो. तिकडे गेला तर घराला पत्रा जाऊन स्लॅब पडेल." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्याजवळ त्याला उत्तरही नव्हते. मी मुलाला एवढेच विचारले, "ज्या फायलींना तू दोरा बांधतोस, त्या तू वाचतोस का?" तो गप्प राहिला. वडिलांकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली.

त्याने दुसऱ्या दिवसापासून एक केले. जी फाइल हातात येईल तिच्यातली गेल्या वर्षीची टिपणे तो दुपारच्या सुट्टीत वाचू लागला. पंधरा दिवसांनी प्रिन्सिपल साहेबांकडे जाऊन त्याने म्हटले, "सर, या एका दुकानाचे यंदाचे बँकेचे जुळवणीपत्रक मी करून पाहू का? चुकले तर पुन्हा करीन." साहेबांनी चकित होऊन त्याच्याकडे पाहिले आणि फाइल दिली. ते जुळवणीपत्रक त्याने चार वेळा केले. त्यानंतर मात्र त्याच्या हातात झेरॉक्सचे काम कमी आणि वहीचे काम जास्त येऊ लागले. व्हिसा दुसऱ्या भावाने वापरला. आज या मुलाच्या फायनलचा एक गट निघाला आहे, दुसऱ्याची तयारी चालू आहे आणि एका कारखान्याच्या हिशेब खात्यात त्याला नोकरी आहे. घराचा पत्रा अजून तसाच आहे, हेही सांगितले पाहिजे. पी हळद आणि हो गोरी असे या धंद्यात होत नाही.

यातून पहिला धडा हा की हलके काम कमीपणाचे समजू नये, पण त्यात अडकूनही पडू नये. हातात आलेला प्रत्येक कागद काही सांगत असतो. चलन भरायला बँकेत गेलात तर ते कसले चलन, कोणत्या महिन्याचे, उशीर झाला तर व्याज किती, हे पाहून या. मालकाने पगारातून किंवा ठेकेदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस साधारणपणे पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो. दरमहा जीएसटी भरणाऱ्याचे विक्रीचे विवरण ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत जाते. या तारखा पुस्तकातून पाठ करणाऱ्याला त्या विसरतात. ज्याने ग्राहकाला पाच वेळा फोन करून बिले मागवली त्याला जन्मभर विसरत नाहीत.

दुसरा धडा डायरीचा. रोज रात्री एका वहीत पाच ओळी लिहा: आज कोणत्या प्रकारच्या धंद्याचे काम केले, काय तपासले, काय सापडले, काय कळले नाही. ग्राहकाचे नाव त्यात लिहू नका. का ते पुढे सांगतो. जे कळले नाही त्याची चिठ्ठी करून आठवड्यातून एकदा वरिष्ठाला विचारा. प्रत्येक शंकेला उठून साहेबांच्या टेबलाशी जाणे बरे नव्हे आणि दोन वर्षे एकही शंका न विचारणे त्याहून वाईट.

तिसरा धडा, काम आणि पुस्तक यांची गाठ घालण्याचा. लेखापरीक्षणाची मानके फायनलच्या परीक्षेत असतात आणि मुलांना ती फार रुक्ष वाटतात. आता ज्या दिवशी तुम्ही एखाद्या कंपनीच्या बँकेकडून अथवा येणेकऱ्यांकडून शिलकेचे पत्र मागवलेत, त्या रात्री एसए ५०५ हे मानक वाचा. ते नेमके त्याविषयीच आहे. ज्या दिवशी केलेल्या तपासणीची टिपणे फाइलला लावलीत, त्या रात्री एसए २३० वाचा. दिवसा हाताने केलेले रात्री डोळ्याखालून गेले की ते मनात मुरते. अशा रीतीने दोन वर्षांत अर्धा अभ्यास पगारी झाला असे समजा.

चौथा धडा, डोळे उघडे ठेवण्याचा. तपासणी म्हणजे पावतीवर हिरव्या शाईची खूण करणे नव्हे. काही साध्या गोष्टी सांगतो, ज्या माझ्या विद्यार्थ्यांनी मला शिकवल्या. रोकड वहीत एखाद्या दिवशी शिल्लक उणे आली, तर काहीतरी चुकले आहे हे नक्की. कारण गल्ल्यात शून्याहून कमी पैसे असू शकत नाहीत. काही अपवाद सोडता, एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोखीने दिले तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. तेव्हा एकाच नावाच्या ९,८०० आणि ९,९०० रुपयांच्या पावत्या रोज रोज दिसू लागल्या की जरा थांबावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विक्री फुगलेली आणि एप्रिलमध्ये तोच माल परत आलेला दिसला तर विचारावे. पगारपत्रकावरच्या वीस सह्या एकाच वळणाच्या असतील तर विचारावे. या सगळ्यांना निर्दोष उत्तरे असू शकतात. म्हणून आरोप करू नये. नम्रपणे विचारावे, उत्तर लिहून घ्यावे आणि वरिष्ठाला दाखवावे. गेल्या वर्षीचे टिपण वाचावे जरूर, पण ते जसेच्या तसे यंदाच्या कागदावर उतरवणे ही तपासणी नव्हे, नक्कल होय.

पाचवा धडा साधनांचा. टॅली आणि एक्सेल या दोन गोष्टी आज हिशेबनिसाच्या दोन हातांसारख्या आहेत. एक्सेलमधील व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल पहिल्या महिन्यातच शिकून घ्या. दोन दिवसांचे काम दोन तासांत होते. कायदेही बदलत असतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले. आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला. याचा अर्थ असा की वीस वर्षांचा अनुभव असलेल्यालाही नवी कलमे नव्याने वाचावी लागली. नवख्याला याहून चांगली संधी कोणती? नव्या कायद्यात जुना अनुभवी आणि तुम्ही एकाच पानावर आहात.

भाषेविषयी आपल्या मुलांना मोठी धास्ती असते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी पत्राला घाबरतो. त्यासाठी उपाय आहे. मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. दर आठवड्याला एका अहवालातले लेखापरीक्षकांचे पत्र वाचा. तीन महिन्यांत धंद्याची भाषा अंगवळणी पडते. परंतु आपल्या चार भाषांचे मोलही ओळखा. महाराष्ट्रात सहकारी सोसायट्या, पतसंस्था, साखर कारखाने यांचे ठराव आणि इतिवृत्ते मराठीत असतात. बाजारातला व्यापारी हिंदी-उर्दूत मोकळेपणी बोलतो. जो उमेदवार इतिवृत्त मराठीत वाचून त्याचा सारांश इंग्रजीत लिहू शकतो त्याला कार्यालय सहजी सोडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या धंद्यात माल विकला जात नाही, विश्वास विकला जातो. सी.ए.ची सही पाहून बँक कर्ज देते आणि सरकार विवरण स्वीकारते. म्हणून ग्राहकाची माहिती बाहेर सांगणे हा सी.ए. कायद्याने गैरवर्तनाचा प्रकार ठरवला आहे. उमेदवारानेही आजपासून हीच सवय ठेवावी. अमक्या शेठजींचे उत्पन्न किती, तमक्या डॉक्टरने कर्ज किती काढले, हे घरी जेवताना अम्मीलासुद्धा सांगू नये. लहान गावात तर अशी गोष्ट इशाच्या नमाजपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात पोचते. डायरीत नाव लिहू नका म्हटले ते यासाठी.

याला जोडूनच एक कडू बोल. काही मंडळी पालकांना सल्ला देतात, "मुलाचे नाव एखाद्या कार्यालयात घालून ठेवा, हजेरी लागत राहील, मुलगा क्लासला जाऊ दे, परीक्षा महत्त्वाची." कागदावरची उमेदवारी! ओळखीचे कोणी भेटले तर अशी सोय होतेही. पालकहो, हा सल्ला मानू नका. संस्थेला कळले तर उमेदवारी रद्द होऊ शकते आणि सही देणाऱ्या सी.ए.वरही कारवाई होते. पण न कळले तरी काय? पुढे नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "तुम्ही केलेल्या एका लेखापरीक्षणाविषयी सांगा." जो गेलाच नाही तो काय सांगणार? आणि दुसऱ्याच्या वहीतले खरे-खोटे तपासण्याचा ज्याला परवाना मिळणार, त्याच्या आयुष्याची पहिली नोंदच खोटी असावी का? गरीब घरातला मुलगा काम करून थकतो, रात्री झोप येते, परीक्षेला दोन गुण कमी पडतात, हे मी पाहिले आहे. तरीही मी त्याला हीच वाट सांगेन.

असाच प्रसंग कार्यालयातही येतो. कोणी म्हणेल, "हे बिल जुन्या तारखेचे करून लाव." उमेदवाराने वाद घालू नये, पण हातही लावू नये. "सर, हे मला जमणार नाही, वरिष्ठांना विचारतो," एवढे म्हणावे. फारच दडपण आले तर घरी सांगावे, गुरुजनांना सांगावे. करार मोडून दुसरीकडे जाण्याचे नियम आहेत. त्यांचा आधार घेता येतो. दोन महिने वाया गेले तरी चालतील.

नमाज आणि रोजे यांविषयी मुले खाजगीत विचारतात. माझे सांगणे असे की पहिल्याच आठवड्यात प्रिन्सिपल साहेबांना सरळ सांगावे: शुक्रवारी जुम्याला इतका वेळ लागेल, तेवढा वेळ संध्याकाळी बसून भरून काढीन. आणि खरोखर भरून काढावा. न सांगता गायब होणारा मुलगा नजरेत खुपतो. सांगून जाणाऱ्याला बहुतेक लोक अडवत नाहीत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे कधी तो कामाच्या ऐन हंगामात येणारच. तेव्हा जड काम सकाळी उरकावे.

मुलींच्या पालकांना दोन शब्द. बाहेरगावी तपासणीला जावे लागेल, उशीर होईल, ही तुमची काळजी मी समजतो. कार्यालय निवडताना ती उघडपणे बोला. इतर मुली तिथे आहेत का, बाहेरगावी कोणाबरोबर पाठवतात, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. परंतु काळजीचे रूपांतर बंदीत करू नका. आपल्या देशातील पहिल्या महिला लेखापाल आर. शिवभोगम यांनी स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगला होता आणि १९३३ साली हिशेबशास्त्राची त्या काळातली सरकारी पदविका मिळवली. त्यांना नव्वद वर्षांपूर्वी जमले, ते आपल्या मुलींना आज का जमू नये? शिवाय हा धंदा असा आहे की पुढे स्वतःचे लहानसे कार्यालय घराजवळ काढता येते.

पालकांनो, तुमच्याकडून या दोन वर्षांत तीनच अपेक्षा आहेत. उमेदवाराला वर्षाला १२ दिवस रजा मिळते, आणि तेवढ्याहून जास्त रजा झाली तर उमेदवारी लांबते. तेव्हा चुलत भावाच्या साखरपुड्यापासून मावसबहिणीच्या वलीम्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी त्याला ओढू नका. दुसरे, शेजारच्या मुलाच्या पगाराशी त्याच्या विद्यावेतनाची तुलना जेवताना करू नका. तिसरे, घरात त्याला रात्री दोन तास आणि एक दिवा द्या.

आणि जी मुले सी.ए. करणार नाहीत, नुसते बी.कॉम. करतील, त्यांनी हे सारे आपल्यासाठी नाही असे समजू नये. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे पदवी अभ्यासक्रमातही प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. तो नुसता प्रमाणपत्रापुरता घेऊ नका. गावातल्या करसल्लागाराकडे किंवा पतसंस्थेत दोन महिने मनापासून बसलात तर रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद या चार शब्दांना जिवंत अर्थ येईल. स्वतःच्या वडिलांच्या दुकानाचा वर्षाचा हिशेब लिहिला तरी ती उमेदवारीच आहे. किंबहुना अनेक घरांत तिची गरज सर्वांत जास्त आहे.

विद्यार्थी मित्रहो, उमेदवारी सुरू झाली की पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर शेवटच्या दिवसाची तारीख लिहा आणि खाली पाच ओळी लिहा: एका लहान दुकानाचा ताळेबंद मी स्वतः करीन, एका कंपनीच्या लेखापरीक्षणात भाग घेईन, जीएसटीचे विवरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरीन, आयकराच्या एका नोटिसीचे उत्तर लिहून पाहीन, मालसाठा मोजायला एकदा गोदामात जाईन. दर तीन महिन्यांनी ते पान उघडा. जे राहिले असेल ते साहेबांकडे मागून घ्या. मागणाऱ्याला काम देणारे पुष्कळ असतात. न मागणाऱ्याला झेरॉक्सचे यंत्र आहेच.

 ज्यांना अर्जाचा नमुना हवा असेल, करारपत्र वाचून घ्यायचे असेल, किंवा बाहेरगावी राहण्याची अडचण असेल, त्यांनी शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत यावे. माजी विद्यार्थ्यांपैकी तिघा-चौघांनी नव्या मुलांना मार्गदर्शन करण्याचे कबूल केले आहे. त्यांची गाठ घालून देण्याचे काम मी आनंदाने करीन. अल्लाह आपल्या मुलांना मेहनतीची ताकद आणि हलाल रोजी देवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.